बाजारगावाचा इतिहास आणि अर्थकारण कसे लिहावे : बार्शीच्या आधाराने एक मार्गदर्शन

महाराष्ट्रात अशी कितीतरी गावे आहेत की ज्यांना खेडे म्हणता येत नाही आणि शहर म्हणताना जीभ जरा अडखळते. तिथे नगरपरिषद असते, महाविद्यालये असतात, सराफकट्टा असतो. परंतु मृग कोरडा गेला की कापडाच्या दुकानापासून ट्रॅक्टरच्या शोरूमपर्यंत सगळीकडे गिऱ्हाईक कमी होते. अशा गावाचा इतिहास लिहिण्याचे काम बहुधा एखादे निवृत्त शिक्षक, स्थानिक पत्रकार किंवा स्मरणिका समिती हाती घेते. मग पहिल्या प्रकरणात ग्रामदैवताची आख्यायिका, दुसऱ्यात स्वातंत्र्यसैनिकांची यादी आणि तिसऱ्यात संस्था व त्यांचे पदाधिकारी येतात. गावाचे पोट कशावर भरते, हे मात्र कुठेच येत नाही. ज्यांना ही उणीव टाळायची आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून सोलापूर जिल्ह्यातील बार्शी घेतली आहे, कारण शेतीवर उभ्या राहिलेल्या गावाचे जवळजवळ सगळे प्रश्न तिथे एका जागी सापडतात. पद्धत मात्र श्रीरामपूर, चाळीसगाव किंवा हिंगणघाट यांनाही लागू पडेल.

पहिला नियम असा की गावाच्या हद्दीपासून सुरुवात करू नये. गावाच्या घेरापासून करावी. कोणकोणत्या खेड्यांचा माल, माणसे आणि पैसा या गावात येतो, तो प्रदेश म्हणजे त्या गावाचा घेर. नगरपरिषदेची हद्द कागदावर असते, घेर मात्र व्यवहाराने ठरतो, आणि बाजारगावाचे दैव हद्दीवर नव्हे तर घेरावर अवलंबून असते. त्यासाठी तालुक्याचा आणि शेजारच्या तालुक्यांचा मोठा नकाशा घ्यावा आणि त्यावर चार प्रकारच्या खुणा कराव्यात : धान्य विकायला येणारी गावे, दवाखान्यासाठी येणारी गावे, शिक्षणासाठी मुले पाठवणारी गावे आणि लग्नाचा बस्ता बांधायला येणारी गावे. या चार घेरांत फरक असतोच आणि तो फरकच पुढच्या लिखाणाला विषय पुरवतो. बस्त्याची खूण काहींना पोरकट वाटेल. तरी ती करून पाहावी. धान्य माणूस दोन रुपये जास्त मिळाले तर लांब नेऊन विकतो, पण बस्ता सहसा सवयीच्या पेठेतच बांधतो, म्हणून जुना घेर कपड्यांच्या दुकानांत अधिक काळ टिकलेला दिसतो.

बार्शीचा असा नकाशा आखायला घेतला की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. गाव सोलापूर जिल्ह्यात असले तरी त्याचा घेर शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परंडा आणि भूमच्या बाजूला, पसरलेला आहे. आज ही फक्त जिल्ह्याची सीमा आहे. १९४८ पर्यंत ती दोन राज्यांची सीमा होती : अलीकडे मुंबई इलाखा आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. बार्शीचा व्यापार वाढला तो या सीमेच्या काठावर, आणि त्यामुळे तिच्याविषयी लिहिताना सीमा हा राजकारणाच्या प्रकरणातील एक परिच्छेद म्हणून उरकून चालत नाही. बालाघाटाच्या पठारावरील कापूस, जवस आणि इतर गळिताची धान्ये बैलगाड्यांतून खाली उतरत, येडशी–पांगरीच्या वाटेने बार्शीच्या पेठेत येत आणि तिथून मुंबईकडे जात. संस्थानाच्या हद्दीतून माल बाहेर पडताना किंवा आत जाताना करोडगिरी, म्हणजे संस्थानाची जकात, भरावी लागे. नाणीही वेगवेगळी होती : पलीकडे हाली शिक्का आणि अलीकडे कळदार रुपया, आणि हालीची किंमत कळदारपेक्षा कमी. म्हणजे बार्शीचा व्यापारी केवळ धान्याचा व्यापारी राहू शकत नव्हता; नाण्याच्या बट्ट्याचा हिशेबही त्याला ठेवावा लागे. जुन्या पेढीची खतावणी हाती लागलीच, तर रकमेपुढे हाली लिहिले आहे की कळदार, हे आधी पाहावे. ते न पाहता केलेल्या सगळ्या बेरजा चुकतात.

घेर आखून झाला की दुसरे काम म्हणजे माल बाहेर कसा जात होता, हे शोधणे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे–सोलापूर मार्ग १८५९–६० मध्ये या भागात आला, पण तो बार्शीला टाळून, सुमारे पस्तीस किलोमीटर दूर कुर्डुवाडीवरून गेला. तिथल्या स्थानकाला नाव मात्र 'बार्शी रोड' असे देण्यात आले होते. गाव लांब आणि त्याच्या नावाचे स्थानक भलतीकडेच, ही गोष्ट ब्रिटिश रेल्वेच्या काळात सर्रास घडली. आपल्या गावाच्या बाबतीत तसे असेल तर त्या स्थानकापासून गावापर्यंतच्या रस्त्याचा इतिहास स्वतंत्रपणे शोधावा, कारण काही दशके तोच गावाचा मुख्य रस्ता असतो. बार्शीच्या बाबतीत ही उणीव एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने भरून काढली. त्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बार्शी लाइट रेल्वे कंपनीची अडीच फूट रुंदीची रेल्वे १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशा बेताने इंजिने आणि डबे बांधल्यामुळे हलके रूळ वापरता आले आणि खर्च आटोक्यात राहिला. छोट्या रेल्वेच्या आखणीत हा मार्ग पुढे आदर्श मानला गेला. १९०६ साली तो पंढरपूरला, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचला. १९५४ च्या प्रारंभी सरकारने कंपनी विकत घेतली.

रेल्वे आली की गावाची भरभराट झाली, हे वाक्य स्थानिक इतिहासात इतक्या सहजतेने लिहिले जाते की लिहिणाऱ्याने त्याच्याकडे संशयानेच पाहावे. रेल्वेचे शेवटचे स्थानक असणे आणि मधले स्थानक असणे यांत मोठा फरक आहे. १८९७ नंतरची काही वर्षे बार्शी हे त्या फाट्याचे टोक होते. पलीकडच्या मुलखाचा माल गाडीतून उतरवून डब्यात चढवायचा तर तो बार्शीतच. तिथे माल थांबे, म्हणून वखारी, हमाल, गाडीवान, धर्मशाळा आणि सावकार हे सगळे लागे. १९११ साली रूळ लातूरपर्यंत गेल्यावर लातूरच्या शेतकऱ्याला बार्शीपर्यंत बैल हाकण्याचे कारण उरले नाही. ज्या रेल्वेने बार्शीला मोठे केले, तिनेच पुढे सरकून बार्शीचा वाटेकरी निर्माण केला, असे माझे मत आहे. वाचकाने ते आपल्या गावावर डोळे झाकून लावू नये. ते तपासण्याची रीत अशी : दोन्ही गावांची १९०१ पासून पुढच्या प्रत्येक जनगणनेतील लोकसंख्या शेजारी शेजारी लिहावी, रेल्वे पुढे सरकल्याच्या वर्षाखाली रेघ मारावी आणि रेघेच्या पुढे वाढीचा वेग कोणाचा बदलला हे पाहावे. प्लेगची वर्षे आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांचा परिणाम त्यात मिसळलेला असतो, तेव्हा एका दशकावरून निष्कर्ष काढू नये. बार्शीची लोकसंख्या १९०१ साली सुमारे २४ हजार होती आणि २०११ साली ती सुमारे १ लाख १८ हजार भरली. एवढे दोनच आकडे दिले तर वाढ अखंड वाटते, आणि म्हणून मधले सगळे आकडे देणे आवश्यक आहे. मध्यंतरी हद्दवाढ झाली असेल तर तीही नमूद करावी, अन्यथा शेजारच्या वाड्या सामील झाल्याने वाढलेले आकडे भरभराटीच्या नावावर जमा होतात.

रेल्वेच्या मार्गाची पुढची गोष्टही याच चौकटीत पाहता येते. जुना अरुंदमापी मार्ग येडशीवरून थेट तडवळे–मुरूडकडे जाई आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, बाजूलाच राही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुंदीकरण झाले तेव्हा मार्ग वळवून ते गाव जोडण्यात आले. पहिल्या आखणीत कापसाला आणि गळिताच्या धान्याला महत्त्व होते आणि दुसऱ्या आखणीत जिल्हा मुख्यालयाला. दोन नकाशे एकावर एक ठेवले तर राज्यकारभाराचा कल कसा बदलला हे पानभर विवेचनाशिवाय वाचकाला समजते.

आता कागदपत्रांकडे वळू. सर्वांत आधी गॅझेटिअर वाचावे आणि त्याच्या तीन पिढ्या वाचाव्यात : मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ चा सोलापूर खंड, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील इम्पीरियल गॅझेटिअर आणि महाराष्ट्र शासनाने १९७७ साली काढलेली सुधारित आवृत्ती. जुने खंड राज्य गॅझेटिअर विभागाने इंटरनेटवर उपलब्ध केलेले आहेत. १८८४ च्या खंडात १८७६–७८ च्या दुष्काळाची छाया पानोपानी आहे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ साली सात लाखांच्या वर होती, ती १८८१ साली सहा लाखांच्या खाली गेली. त्या खंडातील बाजारपेठांची वर्णने वाचताना हे ध्यानात ठेवावे की ती दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या मुलखाची वर्णने आहेत. गॅझेटिअर हे राज्यकर्त्याच्या नजरेने लिहिलेले आहे, जातींविषयीची त्यातील वाक्ये आज उतरवून घेण्याजोगी नाहीत, आणि मंदिरांविषयीची माहिती पुष्कळदा ऐकीव आहे. परंतु किती मण माल, कुठून, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या महिन्यात, या बाबतीत ते फार उपयोगी पडते.

येथे मापांची एक अडचण येते. मण हे माप तालुक्यागणिक आणि मालागणिक बदलत असे. सरकारी कागदांतील बंगाली मण ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा. मुंबईच्या कापूस बाजाराची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५६ किलोची. पण गावातील व्यापाऱ्याने वहीत लिहिलेला मण यांपैकीच असेल असे गृहीत धरू नये. त्याच वहीत एखाद्या मालाचे वजन दोन मापांत आढळते का हे पाहून प्रमाण काढावे. पायली ही मापाने भरायची, वजनाने नव्हे, तेव्हा एक पायली ज्वारी आणि एक पायली जवस यांचे किलो सारखे येणार नाहीत. सालांचेही तसेच. व्यापारी वहीत शक असेल तर साधारण ७८ मिळवावेत, विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करावेत आणि निजामी कागदावर फसली साल असेल तर ५९० मिळवावेत. हैदराबाद संस्थानचा शेतमाल बाजारांचा कायदा १३३९ फसलीचा आहे, म्हणजे तो १९२९–३० च्या सुमाराचा ठरतो. आणि मुंबई इलाख्याचा तसा सर्वसाधारण कायदा १९३९ चा, म्हणजे सीमेपलीकडचा कायदा अलीकडच्यापेक्षा जुना. बार्शी आणि लातूर यांची तुलना करणाऱ्याने ही गोष्ट नजरेआड करू नये. सुरक्षित राहिलेल्या बऱ्याच वह्या मोडीत आहेत. मोडी शिकून घेणे उत्तम. तेवढा वेळ नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावी, पण त्याला आधी आकडे आणि मापांच्या खुणा विचारून त्यांचा एक तक्ता स्वतः करून ठेवावा. मोडीतील मजकुरापेक्षा तिथली अपूर्णांकांची चिन्हे नवख्याला अधिक चकवतात.

नगरपरिषदेचे दप्तर हा दुसरा मोठा साठा, आणि तो बहुतेक ठिकाणी वाया चाललेला आहे. बार्शीची नगरपालिका १८६५ ची. इतक्या जुन्या संस्थेच्या सभांची इतिवृत्ते, अंदाजपत्रके आणि विशेषतः जकातीच्या नोंदी हे अर्थकारणाच्या इतिहासाचे खरे भांडार आहे. जकात वस्तूंवर असे. त्यामुळे कोणत्या वर्षी गावात किती तूप, गूळ, सुपारी, इमारती लाकूड आणि परदेशी कापड आले, हे त्यावरून काढता येते. नगरपरिषदांची जकात राज्यात १९९९ साली बंद झाली आणि तिच्याबरोबर नोंदींची ती परंपराही संपली. त्यानंतरच्या अंदाजपत्रकात पाहण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे एकूण उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा किती आणि शासनाच्या अनुदानाचा किती. हे प्रमाण दर दहा वर्षांच्या अंतराने मांडले की गाव स्वतःच्या बाजारावर चालते की मुंबईहून येणाऱ्या धनादेशावर, याचे उत्तर मिळते. जुने दप्तर पाहायला परवानगी लेखी मागावी, मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात विशिष्ट वर्षांची विशिष्ट कागदपत्रे मागावीत. 'सर्व जुनी कागदपत्रे' असा अर्ज केला तर तो फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक.

शेतीच्या बाजूचे कागद तहसील कार्यालयात आणि तलाठ्याकडे असतात. गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. २०२१ पासून ती ई-पीक पाहणीने शेतकरी स्वतः मोबाईलवरून करतात, तेव्हा त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच रेषेत जोडताना जपावे. पैसेवारीच्या, म्हणजे हंगामात पीक किती आले याच्या सरकारी अंदाजाच्या, याद्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात. ज्या वर्षी पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली ती वर्षे एका पट्टीवर मांडून तिच्याखाली पेठेतील दुकानांच्या स्थापनेची वर्षे लिहावीत. बहुतेक दुकानांच्या पाटीवर स्थापनेचे साल असते, आणि ते साल कोणत्या चांगल्या किंवा वाईट हंगामानंतरचे आहे हे पाहण्यात मोठी गंमत आहे.

गावाचे आजचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर मात्र कार्यालयांतून बाहेर पडून बाजार समितीच्या आवारात, हंगामाच्या दिवसांत, सकाळी जाऊन उभे राहावे. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान सोयाबीन येते तेव्हा जावे, आणि पुन्हा फाल्गुनात नवी ज्वारी येते तेव्हा जावे. तिथे आवक किती, कमाल–किमान–सर्वसाधारण दर काय, हे फळ्यावर किंवा कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. पण एखाद्या शेतकऱ्याने आपली हिशोबपट्टी दाखवली तर ती त्या सगळ्या आकड्यांपेक्षा अधिक बोलते. पट्टीवर वरच्या बाजूला कट्ट्यांची संख्या आणि वजन असते. वजनातून बारदान्याची वजावट झालेली असते; ती प्रत्यक्ष रिकाम्या पोत्याच्या वजनाइतकी आहे की जास्त, हे पाहावे. मग दर, आणि त्याखाली हमाली, तोलाई यांसारख्या वजाती. हमाली कोणत्या कामाची लावली आहे : गाडी खाली करण्याची, थप्पी लावण्याची की चाळणीची? अडत, म्हणजे अडत्याची दलाली, कोणाकडून घेतली आहे, शेतकऱ्याकडून की खरेदीदाराकडून? फळे आणि भाजीपाला यांची अडत राज्यात २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तरी पट्टीवर ती वेगळ्या नावाने उतरली आहे का, हे डोळसपणे पाहावे. आणि सर्वांत शेवटी, बहुधा वेगळ्या शाईत किंवा हाताने लिहिलेली, एक ओळ असते : उचल. पेरणीच्या वेळी, मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्यासाठी अडत्याकडून घेतलेले पैसे तिथे वळते होतात. ती ओळ असेल तर त्या शेतकऱ्याने माल याच दुकानात का आणला, याचे उत्तर दराच्या रकान्यात शोधण्याचे कारण नाही. अडत्या हा मालाचा दलाल जितका असतो तितकाच पतपुरवठादार असतो, आणि बाजारगावाच्या अर्थकारणाविषयी लिहिताना ज्याने उचलीचा उल्लेख केला नाही त्याने मुख्य गोष्टच सोडली असे मी समजतो.

बाजार समितीच्या वार्षिक ताळेबंदावरून उलाढालीचा अंदाज बांधता येतो. समिती खरेदीवर शेकडा काही दराने बाजार फी घेते. समजा तो दर शंभर रुपयांस एक रुपया आहे आणि वर्षात एक कोटी रुपये फी जमा झाली, तर नोंदलेली खरेदी शंभर कोटींची झाली. 'नोंदलेली' हा शब्द वगळू नये. व्यापारी थेट शेतावर जाऊन करतात ती शिवार खरेदी, शेतकरी उत्पादक कंपन्यांची खरेदी आणि पावतीविना होणारे व्यवहार त्यात येत नाहीत. फी वाढली म्हणजे माल वाढला असेही नसते. दर चढले तरी फी वाढते, म्हणून रुपयांबरोबर क्विंटलही मांडावेत. आवारातील हमालांची बाजू माथाडी मंडळाकडे समजते. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांची नोंदणी, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांची व्यवस्था लावली. हमालांची संख्या आणि कोणत्या खेड्यांतून ते येतात, या दोन गोष्टी समजल्या की गावातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दुसऱ्या उत्पन्नाचा मार्ग दिसतो.

पिकांच्या बदलाकडे जरा थांबून पाहावे लागेल. हा मुलूख मुळात रब्बी ज्वारीचा. काळी, ओल धरणारी जमीन, पाऊस थोडा आणि उशिराचा, म्हणून खरिपात रान मोकळे ठेवून परतीच्या ओलीवर मालदांडी पेरायची, ही इथली जुनी रीत. मालदांडीचे एम ३५-१ हे वाण याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाले. ज्वारीने माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा अशा दोन्ही गोष्टी दिल्या. गेल्या दोन-तीन दशकांत सोयाबीनने खरिपातले रान व्यापले. ते साधारण शंभर दिवसांत हाती येते, रोख पैसा देते, काढणीचे आणि मळणीचे काम यंत्राने उरकते. पण त्याचा कडबा होत नाही. ज्या घरात ज्वारी कमी झाली त्या घरात वैरण विकत घ्यावी लागते, मग बैलजोडी जाते, मग नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने येतो, आणि गावातील पेठेत बैलांच्या साजाऐवजी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकाने दिसू लागतात. एका पिकाच्या बदलाचा असा माग पेठेतील दुकानांच्या प्रकारापर्यंत काढता आला पाहिजे. सोयाबीनचा दर ठरवण्यात आता लातूरच्या तेल उद्योगाचे वजन मोठे आहे; शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बालाघाटावरचा माल बार्शीकडे उतरत होता, आज बार्शीचा व्यापारी सकाळी लातूरचा भाव विचारतो.

फळबागांबद्दलही लिहावे, पण मोजके. तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांनी निवडीने तयार केलेला एनएमके-१ गोल्डन हा सीताफळाचा वाण राज्याबाहेरही लावला गेला आहे. अशा यशाच्या बाबतीत लिहिणाऱ्याचा मोह असा असतो की एका शेतकऱ्याची कथा म्हणजे तालुक्याची कथा मानायची. त्याऐवजी विचारावे की या वाणाची रोपे, पॅकिंगचे खोके, वाहतूक आणि मजुरी यांपैकी किती व्यवहार बार्शीच्या पेठेत होतो आणि किती पुण्या-मुंबईच्या बाजारात. शेती श्रीमंत झाली आणि बाजारगाव तसेच राहिले, असे घडू शकते. पाण्याच्या प्रकरणात हिंगणी आणि जवळगाव हे मध्यम प्रकल्प आणि उजनीच्या पाण्यावरची बार्शी उपसा सिंचन योजना यांचा आढावा घ्यावा. त्यात मूळ आराखड्यातील क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र हे दोन आकडे वेगवेगळे द्यावेत.

उद्योगांत कापसाची गोष्ट शेवटपर्यंत न्यावी. सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने, त्यांच्या पाठोपाठ सूत आणि कापडाच्या गिरण्या, हा क्रम अनेक बाजारगावांत सापडतो. बार्शी टेक्स्टाईल मिल १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, आणि २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या गिरण्या बंद पडल्या त्यात तीही होती. गिरणीविषयी लिहिताना मालकांची नावे पुरेशी नाहीत. कामगार कोणत्या गल्ल्यांत राहत, पगाराच्या दिवशी कोणत्या दुकानांची उधारी चुकती होई आणि गिरणी बंद झाल्यावर त्या घरांतील मुले कुठे गेली, हे विचारावे.

ज्या गावाचा कापूस गेला आणि गिरणी गेली त्या गावात पैसा येतो तरी कुठून? बार्शीत याचे एक उत्तर दवाखाने आणि शाळा-महाविद्यालये हे आहे. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाने खेड्यांतील मुलांना वसतिगृहे आणि शाळा दिल्या. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयामुळे आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्ण बार्शीला येऊ लागले. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी इथे सुरू झाली. तिच्यासाठी निवडलेली खेडी बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील होती. म्हणजे गाडीवाटेने ठरलेला जुना घेर, ज्यातला अर्धा मुलूख पूर्वी निजामी होता, तो एका वैद्यकीय नोंदवहीत पुन्हा दिसतो. आपल्या गावाचे असे एखादे दप्तर शोधावे की जे बाजाराशी संबंधित नाही आणि तरीही बाजाराचा घेर दाखवते : एसटीच्या मुक्कामी गाड्यांचे वेळापत्रक, प्रसूतिगृहातील पत्त्यांची नोंदवही, वसतिगृहाची हजेरी. व्यक्तींची नावे न घेता केवळ गावांची मोजणी करू द्यावी, अशी विनंती केली तर संस्था सहसा अडवत नाहीत.

धार्मिक स्थळे या लेखनातून वगळावीत असे माझे म्हणणे नाही. ती अर्थकारणाच्या प्रकरणात आणावीत. बार्शीचे भगवंत मंदिर आणि अंबरीष राजाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती आख्यायिका म्हणून एका परिच्छेदात सांगावी आणि मग विचारावे की पंढरीची एकादशी करून द्वादशीला बार्शीला येणाऱ्या वारकऱ्यांमुळे पेठेत त्या दिवसांत काय खपते, मंदिराला इनाम जमिनी कोणत्या होत्या, आणि १९०६ साली पंढरपूरची रेल्वे सुरू झाल्यावर यात्रेकरूंचा मार्ग कसा बदलला. स्वातंत्र्यलढ्याचेही असेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात सीमेवरच्या गावांत कार्यकर्त्यांचे कॅम्प होते आणि रझाकारांच्या त्रासाने कुटुंबे अलीकडे आली. त्यांतील किती बार्शीतच राहिली, त्यांनी कोणते धंदे उचलले, हे आजही ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडून समजू शकते, आणि तो अवधी आता फार उरलेला नाही.

मुलाखतींविषयी थोडे. 'पूर्वी गाव कसे होते' असा प्रश्न विचारू नये. त्याला 'तेव्हा माणुसकी होती' असेच उत्तर मिळते. त्याऐवजी म्हणावे, 'दादा, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या दुकानात सुकडी आणि मिलो सोडून काय विकलं जायचं?' किंवा 'मावशी, तुम्ही भाजीची पाटी घेऊन बसायच्या तेव्हा बैठकीचे पैसे कोण गोळा करायचं?' वस्तू, रक्कम, वार आणि जागा यांविषयी विचारले की आठवण नेमकी होते. अडत्याशी बोलले तेवढेच हमालाशी, मापाड्याशी, चाळणीवर काम करणाऱ्या बायकांशी आणि तालुक्यातील वैरागसारख्या दुसऱ्या बाजाराच्या व्यापाऱ्याशी बोलावे; शेवटच्याकडून बार्शीविषयीच्या तक्रारी ऐकायला मिळतात आणि त्या उपयोगी असतात. सांगितलेले साल कागदावर तपासल्याशिवाय छापू नये. साल जुळले नाही तर सांगणाऱ्याला खोटे न पाडता 'दुष्काळाच्या सुमारास' असे लिहावे.

लिहिण्याच्या क्रमात घेर, रस्ते, माल, पत आणि मग संस्था असे यावे, आणि आकड्यांचे तक्ते त्या त्या प्रकरणातच, शेवटी परिशिष्टात कोंबलेले नव्हेत. जुन्या खतावण्यांतील कर्जदारांची नावे छापू नयेत. त्यांची नातवंडे त्याच गल्लीत राहतात. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे छापण्याचा आग्रह झालाच तर ती मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला घ्यावीत आणि त्यामुळे शिल्लक राहिलेल्या पानांवर पेठेचा नकाशा द्यावा, दुकानांच्या जुन्या आणि नव्या धंद्यांच्या नोंदींसह. हस्तलिखिताची एक प्रत आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणे नगर वाचनालयात आणि एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, दिनांक आणि ठिकाण लिहून, जमा करावीत.